मुंगी मेली

मूल पडलें कीं आपल्याकडे घरोघर एक मुंगी मरते. धांवतां धांवतां पोर उंबऱ्याला अडखळतें, पालथें पडतें, आणि रडावें कीं रडूं नये या विचारांत क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहतें. त्या एका क्षणाचा फायदा घेऊन आपण टाळी वाजवतों आणि म्हणतों, "अरे, मुंगी मेली! बघ, बघ, केवढी मुंगी मेली!" पोर ती मुंगी शोधूं लागतें आणि रडणें राहून जातें. माझ्या आजीनें ही युक्ति माझ्यावर केली, मीं माझ्या मुलांवर केली, आणि इतक्या निरुपद्रवी युक्तीविषयीं कधीं काळीं गंभीरपणें लिहिण्याची पाळी येईल, असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

आजहि मी तिची निंदा करावयास बसलों आहें असें नव्हे. ज्या घरांत ही मुंगी कधींच मरत नाहीं, त्या घरांत मूलच नसलें पाहिजे. पण या मुंगीच्या आड एक मोठी गोष्ट माझ्या घरांत जवळजवळ दडून गेली होती, आणि ती दडण्यांत माझा वांटा किती होता, याचा हिशेब मला एकदां मांडावयाचा आहे.

गोष्ट चार वर्षांपूर्वींची. मे महिन्याची सुट्टी होती, आणि आमचे धाकटे चिरंजीव तेव्हां नऊ वर्षांचे होते. एका रविवारीं संध्याकाळीं ते घरीं आले ते लंगडतच. गुडघा खरचटला होता, कोपराला माती लागली होती. "काय रे, काय झालं?" मीं वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतांच विचारलें. "धांवतांना पडलों," असें उत्तर आलें. मीं चष्म्यावरून एकदां गुडघ्याकडे पाहिलें. रक्त फारसें नव्हतें. चेहऱ्याकडे पाहिलें, डोळ्यांत पाणी नव्हतें. "मुंगी मेली असेल," मी म्हणालों, "जा, हातपाय धू आणि आईकडून हळद लावून घे." नऊ वर्षांच्या मुलाला मुंगीचें काय कौतुक! तो कसनुसें हंसला आणि आंत गेला. त्याच्या सदऱ्याखालीं, बेंबीच्या जरा वर, रुपयाच्या नाण्याएवढा एक वाटोळा लाल डाग होता. तो त्यानें दाखविला नाहीं आणि आम्हीं पाहिला नाहीं.

दुखापत मोजण्याचीं आपलीं मापें दोनच: रक्त आणि रडणें. या दोन्ही मापांनीं माझ्या मुलाची दुखापत शून्य भरली, आणि मी पुन्हां अग्रलेखाकडे वळलों.

सोमवारीं त्यानें आमरसाची वाटी तशीच परत केली. काल आंबे अधिक झाले असतील, असें मीं निदान केलें. संध्याकाळीं उलटी झाली. माझें निदान अधिकच पक्कें झालें, आणि ओव्याची पूड पुढें आली. मंगळवारीं तो म्हणाला, पाठ दुखते. पोट नव्हे, पाठ. दिवसभर मोबाईलवर वांकून बसल्यावर पाठ दुखेल नाहीं तर काय होईल, यावर मीं त्याला एक लहानसें व्याख्यान दिलें. पंचवीस वर्षें शिक्षकाचा व्यवसाय केल्यावर माणसाला प्रत्येक प्रश्नाचें उत्तर ठाऊक असतें. फक्त प्रश्न काय आहे, तें ऐकून घेण्याची संवय सुटलेली असते. त्या रात्रीं तो गुडघे पोटाशीं घेऊन कुशीवर पडून राहिला. त्याच्या आईनें शेक द्यावा म्हणून सदरा वर केला, तों तिला तो डाग दिसला. आतां तो लाल नव्हता, पिकल्या जांभळासारखा काळानिळा झाला होता. तिनें मला हांक मारली, ती हांक अजून माझ्या कानांत आहे.

रुग्णालयांत पोंचलों तेव्हां साडेअकरा वाजून गेले होते. मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या ज्या डॉक्टरीणबाई तेथें होत्या, त्या वयानें माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. त्यांनीं हकीकत विचारली, मीं सांगितली. "धांवतांना रस्त्यावर पडला." त्यांनीं त्या डागाकडे बराच वेळ पाहिलें. "सपाट रस्त्यावर पडून असा वाटोळा डाग उमटत नाहीं," त्या हळूच म्हणाल्या. रक्त तपासावयास गेलें, आणि पोटाचें सी. टी. स्कॅन करण्यांत आलें. रक्तांत अमायलेज आणि लायपेज हीं दोन पाचकद्रव्यें कितीतरी पटींनीं वाढलेलीं निघालीं. चित्रांत स्वादुपिंडाच्या मध्यावर, अगदीं कण्यासमोर, एक आडवी चीर दिसली.

तें सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आपण दोघं जरा बाहेर बसाल का? मला याच्याशीं एकट्याशीं बोलायचं आहे." खोलींत त्या, एक परिचारिका आणि आमचा मुलगा एवढींच राहिलीं, आणि दार लागलें.

बाहेरच्या बांकावर बसल्यावर त्या वाक्याचा अर्थ माझ्या ध्यानांत आला. या पोराला कोणीं मारलें, हें त्यांना विचारावयाचें होतें. आणि ज्याच्याविषयीं विचारावयाचें, तो मी होतों! माझा संताप अनावर झाला. शेंकडों मुलें माझ्या हाताखालून गेलीं, कोणावर मीं कधीं छडी उगारली नाहीं. उद्यां सकाळीं या बाईंची तक्रार कोणाकडे करावी, याचा मजकूर मी मनांत जुळवूं लागलों. आंत मूल वेदनेनें तळमळत होतें, आणि बाहेर बाप आपल्या अब्रूचा अर्ज लिहीत होता. त्या पंधरा मिनिटांची मला आज जितकी लाज वाटते, तितकी दुसऱ्या कशाचीहि वाटत नाहीं.

बाई बाहेर आल्या. "सायकल," त्या म्हणाल्या. "थोरल्या भावाची. वळणावर वेग कमी झाला, पुढचं चाक गर्रकन् फिरलं आणि हँडलचं टोंक याच्या पोटांत बसलं. त्या टोंकाची रबरी मूठ निघालेली आहे, असं म्हणतो."

ती मूठ निघालेली आहे, हें मला माहीत होतें. थोरल्यानें मला तीनदां सांगितलें होतें. आणि त्या सायकलीला धाकट्यानें उंची पुरेपर्यंत हात लावावयाचा नाहीं, ही आज्ञाहि माझीच होती.

"आपल्याला राग आला असेल," बाई म्हणाल्या.

"आला," मीं कबूल केलें.

"साहजिक आहे. पण मुलाच्या स्वादुपिंडाला इजा झालेली असते आणि घरच्यांची हकीकत तिच्याशीं जुळत नाहीं, तेव्हां हा ठोसा किंवा लाथ तर नाहीं ना, हें आम्हांला विचारावंच लागतं. अगदीं लहान मुलांच्या बाबतींत तर पहिल्यानं तेंच मनांत आणावं लागतं. ज्या मुलाला घरांत खरोखर मार बसलेला असतो, त्याच्या बापालाहि असाच राग येतो. चेहऱ्यावरून आम्हांला ओळखतां येत नाहीं."

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. मनांतला तक्रारअर्ज मीं मनांतच फाडून टाकला.

तोंपर्यंत स्वादुपिंड हा शब्द मला मधुमेहाच्या बोलण्यांत तेवढा ऐकून ठाऊक होता. पुढच्या कांहीं आठवड्यांत त्या अवयवाची मीं जितकी माहिती मिळविली, तितकी परीक्षेसाठीं कोणत्याहि विषयाची मिळविली नव्हती. नांव मोठें गोड. पण वृत्ति म्हणाल तर जमदग्नीची! प्रौढ माणसांत सुमारें १५ सेंटीमीटर लांबीची ही मऊ ग्रंथि जठराच्या मागें, पाठीच्या कण्यावर आडवी पडलेली असते. ग्रीकांनीं तिला 'सर्व मांस' अशा अर्थाचें नांव दिलें, कारण तींत हाड नाहीं कीं कुर्चा नाहीं. तिच्यांतून जाणारी नळी १६४२ सालीं इटलींतील पादुआ येथें योहान गेओर्ग विरसुंग नांवाच्या जर्मन शारीरवेत्त्याला सांपडली. देहदंड झालेल्या एका माणसाच्या शवाचें विच्छेदन करतांना त्यानें ती पाहिली, धातूच्या पत्र्यावर तिचें चित्र कोरविलें, त्याचे ठसे ठिकठिकाणच्या विद्वानांकडे पाठविले आणि विचारलें, ही नळी कशासाठीं असावी? समाधानकारक उत्तर मिळण्यापूर्वींच १६४३ मध्यें त्याचा खून झाला. ती नळी आज त्याच्या नांवानें ओळखली जाते. आपल्याला दिसलें तें काय आहे हें आपल्याला कळलेलें नाहीं, एवढें कबूल करून चार लोकांना विचारणारा हा मनुष्य मला त्या दिवसांत फार थोर वाटूं लागला. मीं मात्र न पाहतांच उत्तरें दिलीं होतीं.

या नळीवाटे प्रौढ माणसांत दररोज सुमारें दीड लिटर पाचकरस लहान आतड्यांत जातो. पीठ, चरबी, मांस, सारें पचविणारा हा रस आपल्याच घराला कां पचवीत नाहीं? कारण प्रथिनें तोडणारीं त्यांतील द्रव्यें म्यानांतल्या तलवारीसारखीं बाहेर पडतात. आतड्यांत पोंचल्यावर तेथील दुसऱ्या एका द्रव्याची गांठ पडली म्हणजे मगच तीं म्यानाबाहेर येतात. पण ग्रंथि चिरडली किंवा नळी फाटली, कीं तलवार घरांतच उपसली जाते. रस आसपास झिरपतो, आणि ज्यानें अन्न पचवावयाचें, तो स्वतःचें मांस पचवूं लागतो.

आणि ही ग्रंथि चिरडते ती कशी? मागें कण्याचें हाड ऐरणीसारखें स्थिर असतें. पुढून लहान तोंडाचा बोथट घाव बसला, कीं हँडलचा हातोडा होतो. मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ, चरबी थोडी आणि फांसळ्या लवचिक असल्यामुळें तो घाव अडविणारें फारसें कांहीं मध्यें नसतें. यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडें यांच्या मानानें स्वादुपिंडाला इजा क्वचित् होते. पण होते तेव्हां तिला मोठा अपघात लागतोच असें नाहीं. सायकलीचें हँडल, पायरीची कड, खेळांत बसलेला गुडघा, मोटारींतला पट्टा, एवढेंहि पुरतें. वर कातडीवर एक डाग राहतो, आणि कधीं तोहि राहत नाहीं.

शिवाय ही इजा सावकाश बोलते. पहिल्या कांहीं तासांत रक्ताची तपासणी निर्दोष येऊं शकते, सोनोग्राफींत कांहीं दिसेलच असें नसतें, आणि दुखणें जरा ओसरून मूल खेळावयासहि जातें. मग भूक जाते, उलट्या होतात, पोट फुगतें, आणि ग्रंथि पाठीशीं टेकलेली असल्यामुळें दुखणें पाठींत उमटतें. हें सारें माझ्या घरांत क्रमानें, पाठ्यपुस्तकांतल्याप्रमाणें, घडलें होतें. प्रत्येक लक्षण माझ्यासमोर येऊन उभें राहिलें होतें, आणि प्रत्येकाला मीं दुसरेंच नांव देऊन परत पाठविलें होतें. भूक गेली त्याला मीं आंबा म्हटलें, पाठ दुखली तिला मोबाईल म्हटलें.

मुख्य नळी शाबूत दिसत होती, म्हणून शस्त्रक्रिया न करतां वाट पाहावयाचें ठरलें. पहिले कांहीं दिवस तोंडानें कांहीं द्यावयाचें नाहीं, शिरेंतून सलाईन. नंतर नाकांतून एक बारीक नळी जठराच्या पुढें, लहान आतड्यांत, नेऊन ठेवली आणि तिच्यावाटे अन्न सुरू केलें, म्हणजे ग्रंथीला श्रम कमी पडतात. याला मधुमेह तर होणार नाहीं ना, असें मीं भीत भीत विचारलें. ग्रंथीचा बराचसा भाग शाबूत आहे, त्यामुळें ती भीति फारशी नाहीं, असें बाईंनीं सांगितलें.

वेदना कमी झाल्या तशी त्याची भूक जागी झाली, आणि तीं पाहणें वेदनेपेक्षां अवघड होतें. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा डबा उघडला कीं हा भिंतीकडे तोंड करी. मी खालीं जाऊन घाईघाईनें कांहींतरी खाऊन येत असें आणि वास राहूं नये म्हणून साबणानें दोनदां हात धुवीत असें. एकदां असाच येऊन खुर्चीवर बसलों. तो डोळे मिटूनच म्हणाला, "बाबा, वडापाव ना?" मीं होय म्हटलें. "लसणीची चटणी होती?" त्यानें विचारलें. त्या रात्रीं मी उपाशी राहिलों. पण त्याचा त्याला काय उपयोग!

सातव्या कीं आठव्या रात्रीं, दिवे मंद झाल्यावर, मीं तो प्रश्न त्याला विचारला. शक्य तितक्या सौम्यपणें विचारला. "तूं मला त्याच दिवशीं कां नाहीं सांगितलंस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सायकलचं कळलं असतं तर तुम्ही रागावला असतां." एवढें मीं अपेक्षिलेंच होतें. पण तो पुढें म्हणाला, "आणि तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही म्हणालांत, मुंगी मेली."

त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती. ज्या स्वरांत मुलें पाढा म्हणतात, त्या स्वरांत त्यानें तें सांगितलें. डॉक्टरीणबाईंनीं बंद दारामागें जो प्रश्न विचारला होता, त्याचें उत्तर मला तेव्हां मिळालें. घाव माझा नव्हता, हें खरें. पण घावानंतरचे ते सव्वादोन दिवस माझे होते. मुलाला न मारणें म्हणजे त्याला निर्भय करणें, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. छडी न उगारणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या घरांतहि एक मूल फाटलेलें पोट सदऱ्याखालीं झांकून दोन रात्री निमूट पडून राहूं शकलें. कारण बाप रागावेल, आणि न रागावला तर हंसेल, यापलीकडे तिसरें कांहीं होईल अशी त्याला आशाच नव्हती.

अठराव्या दिवशीं तो घरीं आला. पांचव्या आठवड्यांत पुन्हां पोट जड वाटूं लागलें. या वेळीं त्यानें तें लगेच सांगितलें, आणि मींहि तें लगेच ऐकलें. झिरपलेल्या रसाभोंवतीं शरीरानें एक पिशवी बांधली होती. तिला खरें अस्तर नसतें, म्हणून डॉक्टर तिला स्यूडोसिस्ट म्हणतात. आपण फसवी पिशवी म्हणूं. ती मोसंब्याएवढी होती. मुलांत अशा पुष्कळ पिशव्या आपोआप विरून जातात. नाहीं विरल्या, दुखूं लागल्या किंवा पिकल्या, तर तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या भिंतींतून त्यांचा निचरा करतां येतो. आम्ही थांबलों. दर पंधरवड्यास सोनोग्राफी होई, आणि मोसंब्याचें लिंबू, लिंबाची सुपारी होत होत चौथ्या महिन्यांत ती नाहींशी झाली. त्या दिवशीं त्यानें चटणीसकट अर्धा वडापाव खाल्ला, आणि आम्ही तिघें जण एखाद्या यज्ञाची पूर्णाहुति पाहावी तसे त्याच्याकडे पाहत बसलों.

मधल्या काळांत मीं सायकलीच्या दुकानांतून दोन रबरी मुठी आणल्या. दोन्ही मिळून साठ रुपये पडले. ज्यांच्या घरीं मुलांची सायकल आहे, त्यांनीं हा मजकूर येथेंच बाजूला ठेवून तिच्या हँडलचीं टोंकें एकदां पाहून यावीं, अशी माझी विनंति आहे. पोटाला मार लागल्यावर दुखणें राहत नसेल, उलट्या होत असतील, किंवा मूल अन्नाला नको म्हणत असेल, तर दिवस मोजीत न बसतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें. आणि पडलेल्या मुलाचा सदरा वर करून पाहावा. त्याला पैसा लागत नाहीं, विद्या लागत नाहीं. हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेवावें लागतें, इतकेंच.

परवां संध्याकाळीं शेजाऱ्यांची चार वर्षांची मुलगी आमच्या अंगणांत सपशेल आपटली. चहूंकडून आवाज उठला, "मुंगी मेली, मुंगी मेली!" त्यांत माझाहि होता, जुनी संवय कोठें जाते! ती हंसली आणि उठून पळूं लागली. मीं तिला जवळ बोलावलें, खालीं बसलों आणि म्हणालों, "कुठं कुठं लागलं, दाखव पाहूं." तिनें आधीं गुडघा दाखविला, मग कोपर. मग झगा वर करून पोट दाखविलें. तेथें कांहीं नव्हतें. मग डांस चावल्याची एक जुनी गांठ दाखविली, दंडावरची लस टोंचल्याची खूण दाखविली, आणि शेवटीं जीभ बाहेर काढून दाखविली. मीं सारें नीट पाहिलें. पाहून झाल्यावर ती माझ्या पुढ्यांतच बसली आणि मेलेली मुंगी शोधूं लागली.